तुमची अपेक्षा काय?

चोवीस तासांच्या बाईला पगार विचारायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी आधार कार्ड बघतात, मग गाव विचारतात, मग 'आधी कुठे होतात, तिथलं का सोडलं' हे होतं. चहा येतो. कप खाली ठेवता ठेवता समोरची बाई म्हणते, "बरं, तुमची अपेक्षा काय?" ऐकायला फार मानाचं वाटतं. पण आकडा आपण बोलायचा असतो, आणि जो आधी बोलतो तो खाली उतरतो. पंधरा म्हटलं की समोरून 'बाप रे' येणार. तेरा म्हटलं की लगेच 'मग उद्यापासूनच या ना'. त्या 'लगेच'मध्येच कळतं की चौदा मिळाले असते.

मी नाशकात घरी राहून बाळं सांभाळते. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, नाशिकरोड, जिथे नवी बिल्डिंग उठते तिथे वर्षभरात आमचं बोलावणं येतं. घरात कुणी मला ताई म्हणतं, कुणी मावशी. ब्युरोच्या रजिस्टरात मात्र मी 'बेबी केअर, २४ तास' असते आणि माझ्या खालच्या ओळीत कुणीतरी 'पेशंट केअर, १२ तास' असते. ब्युरोवाला घरवाल्यांकडून कमिशन घेतो, काही ब्युरो आमच्या पगारातूनही दर महिन्याला कापतात. किती ते मात्र कळू द्यायचं नसतं. आम्ही घरवाल्यांना सांगायचं नाही, घरवाल्यांनी आम्हाला सांगायचं नाही, अशी दोन्हीकडे तंबी. पहिल्या आठवड्यातच मॅडम आणि मी ओट्याशी उभ्या राहून तो फरक काढतो. त्या हिशेबात आम्ही दोघी एका बाजूला असतो. पुढचा हिशेब सुरू झाला की नसतो.

मी काही भिडस्त घरातली नाही. गिरणाऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. सीझनमध्ये सकाळी गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडून माणसं येतात, रस्त्याच्या कडेला डबा घेऊन उभी राहतात आणि बागायतदारांच्या पिकअप येऊन लागतात. माझी आई द्राक्षबागेत काम करणाऱ्या टोळीत होती. ऑक्टोबर छाटणी झाली की काड्यांवर पेस्ट लावायची, मग फेलफूट, म्हणजे घड नसलेली फूट, काढायची, मग घड विरळायचे, डिपिंग करायचं, म्हणजे घड औषधात बुडवायचे. आधी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरायचा किंवा एकरी उक्तं ठरायचं, नंतर बाई गाडीत पाय ठेवायची. बागायतदार म्हणायचा, "मावशी, मागच्या वर्षी तर एवढ्यातच केलं होतं." आई म्हणायची, "मागच्या वर्षी तुमचं द्राक्षबी त्याच भावाने गेलं का?" सगळ्या बायका हसायच्या आणि रोज वाढायचा. निदान गाडी भरून निघेपर्यंत तरी वाढलेला असायचा.

हे ऐकत मी वाढले. तरी पहिल्यांदा एका घरात सोफ्याच्या कडेला बसून 'अपेक्षा' सांगायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघालं, "तुम्ही द्याल ते." गिरणाऱ्याला असं म्हणणाऱ्या बाईला बाकीच्या बायकांनी टोळीतून हाकलून दिलं असतं.

याचं कारण मला पुष्कळ दिवस वाटायचं की रस्त्यावर आम्ही पंधराजणी असायचो आणि इथे मी एकटी. ते आहेच. पण सगळं तेवढंच नाही. मालिशवाली बाईही एकटीच येते. तासभर बाळाला तेल लावते, पायावर घेऊन अंघोळ घालते, बाळंतिणीला शेक देते, वेखंड-ओव्याची धुरी करते आणि जाते. तिचा दर ती दारातच सांगते, सव्वा महिन्याला साडी आणि नारळ वेगळा. तिला कुणी अपेक्षा विचारत नाही. तिच्याकडे पाच-सहा घरं असतात, एक सुटलं तर बाकीची असतात. माझं एकच घर असतं आणि माझी पिशवी, अंथरूण, मोबाइलचा चार्जर सगळं त्याच घरात असतं. रात्री नऊला बोलणं फिसकटलं तर सीबीएस स्टँडवरून आमच्या गावाची शेवटची गाडी गेलेली असते. नोकरी सोडायची म्हणजे त्याच रात्री घरही सोडायचं. हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून आवाज चढवायची कुणाला गरजच पडत नाही.

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, हे संघटनेच्या एका ताईंनी आम्हाला सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेली बाई हळूच म्हणाली, "चोवीस तासांच्या बाईने संप केला तर झोपायचं कुठं?"

आता ज्या घराबद्दल सांगायचं आहे ते सोमेश्वरच्या बाजूला होतं. मॅडम बँकेत, साहेब अंबडला कंपनीत, आजी निवृत्त शिक्षिका. बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं असताना मी गेले. पगार चौदा हजार, काम फक्त बाळाचं. 'फक्त बाळाचं' हे पहिले पंधरा दिवस खरं असतं. मग बाटल्या उकळायच्या, ते बाळाचंच. मग बाळाचे कपडे मशीनला नकोत, हाताने धुवायचे, तेही बाळाचंच. मग आजींचे गुडघे धरले, "दोन पोळ्या टाका ना तेवढ्या." दोन पोळ्या म्हणजे दोन कधीच नसतात. याबद्दल माझी फार तक्रार नाही, एका घरात राहायचं तर हात आखडून चालत नाही. माझा प्रश्न रात्रीचा होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळाचं वजन हवं तसं वाढत नाही, तर दूध किती, शू किती, शी किती, सगळं लिहून ठेवा. मॅडमनी एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखून दिले. दिवसा त्या लिहायच्या किंवा आजी लिहायच्या. रात्री बाळ माझ्याजवळ, त्यामुळे वही माझ्याजवळ. एक पान अजून डोळ्यासमोर आहे:

रात्री ११.२० दूध ७० मिली. १२ ला झोपलं. १.१० रडलं, पोट कडक, हिंग लावला, खांद्यावर. १.५५ झोपलं. ३.०५ शू, दुपटं बदललं, दूध ५०. ढेकर नाही. ३.४० उलटी, चादर बदलली. ४.१५ झोपलं. ५.३० उठलं.

खाली मॅडमच्या अक्षरात: सकाळी ६.३० तेल, अंघोळ. ती अंघोळही मीच घालायचे.

ही वही डॉक्टर उलटून बघायचे, वजनाच्या तक्त्याशी ताडायचे आणि 'छान लिहिलंय' म्हणायचे. एका तपासणीला मी बाळ घेऊन शेजारी उभी होते आणि माझ्या मनात आलं की ही वही बाळाची आहे तशी माझीही आहे. बाळ किती वाजता जागं होतं हे यात लिहिलंय, म्हणजे मी किती वाजता जागी होते हेही लिहिलंय. आणि हे मी उगाच मागाहून रचलेलं नाही, त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच वहीत.

मग मी भागाकार केला. चौदा हजार भागिले तीस, रोजचे चारशे सदुसष्ट रुपये. आईला बागेत तेव्हा साडेतीनशे रोज होता. वरवर बघता मी पुढे होते. पण आई सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायची. आठ तासांचे साडेतीनशे म्हणजे तासाला चाळीसच्या वर. माझे चारशे सदुसष्ट चोवीस तासांचे, म्हणजे तासाला साडेएकोणीस. कुणी म्हणेल झोपेचे तास कसे धरतेस? म्हणून मी वही उघडली आणि फक्त जागे तास धरले. तरी आकडा आईच्या रोजाच्या आसपास फिरकेना.

बोलायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट मी नक्की केली होती: बाळ कडेवर घेऊन बोलायचं नाही. हे मी नंतर खूप जणींना सांगितलंय. बाळ कडेवर असलं की ते आपला पदर ओढतं, गालाला हात लावतं, समोरची माणसं म्हणतात, "बघा, कशी सवय लागलीय तुमची!" आणि आपला आकडा घशातच राहतो. खरं तर बाळाला आपली सवय लागली म्हणजे आपण काम चांगलं केलं, त्याने भाव वाढायला हवा. होतं उलटं, कारण सवय आपल्यालाही लागलेली असते आणि ती समोरच्याला दिसते. रविवारी दुपारी बाळ आजींकडे दिलं, वही घेतली आणि डायनिंग टेबलच्या खुर्चीवर बसले. त्या खुर्चीवर मी त्याआधी बसले नव्हते.

अठरा हजार, महिन्यातून चार सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, रात्र जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास झोप, आणि त्या दोन तासांत बाळ आजींकडे किंवा मॅडमकडे. कागदावर लिहूनच नेलं होतं. आजी आतून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर याद्या करायला बसली! साखरपुडा आहे का?" सगळे हसले, मीही हसले, आणि त्यामुळे जरा सोपंही झालं.

साहेबांनी हिशेब मांडला. राहणं, जेवण, चहा, साबण-तेल, वीज, असं धरलं तर सहाएक हजारांचं होतं, म्हणजे तुम्हाला आत्ताच वीस पडतात. हिशेब चूक नव्हता, मांडणी चूक होती. मी म्हटलं, "साहेब, त्या खोलीचं दार रात्री लावून मला झोपता येत असेल तर भाडं धरा. मी त्या खोलीत राहत नाही, कामाला असते." जेवणाबद्दल म्हटलं की दोन पोळ्या माझ्या कमी झाल्या तर मी डबा आणीन, पण मग मला डबा करायला माझ्या घरी जायला लागेल. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मॅडम जे बोलल्या ते मात्र मला लागलं. "ताई, आम्ही तुम्हाला कधी परकं समजलो का?" नव्हतेच समजले. माझ्या मुलीला दिवाळीत ड्रेस घेतला होता, मला ताप आला तर डॉक्टरकडे स्वतः गाडीवरून नेलं होतं. अशा माणसाशी पैशाचं बोलणं वाईट माणसाशी बोलण्यापेक्षा अवघड. वाईट माणसाला काय, आकडा फेकायचा आणि पिशवी उचलायची. मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "हे फक्त एकदा वाचा. बाळाचं म्हणून नका वाचू." त्यांनी वाचलं. तीन-चार पानं उलटली. त्यांची स्वतःची सव्वीस आठवड्यांची रजा संपून त्या कामावर जायला लागल्या होत्या आणि रात्रभर झोपत होत्या म्हणूनच जाऊ शकत होत्या, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, कारण ती मी प्रत्येक घरात पाहिली आहे. बाळाच्या बाईचा पगार नेहमी मॅडमच्या पगारातून वजा करतात, साहेबांच्या पगारातून कधीच नाही. "तिला मिळतात बत्तीस, त्यातले अठरा हिलाच दिले तर नोकरी करून उपयोग काय?" हे वाक्य मी ज्येष्ठांकडून ऐकलंय, साहेबांकडून ऐकलंय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅडमच्या तोंडूनही. बाळ दोघांचं असतं, पण बाई मॅडमच्या ऐवजी ठेवलेली असते असा हिशेब. त्यामुळे मी वाढ मागते तेव्हा टेबलाच्या पलीकडे घर नसतं, एक बाई असते, आणि तिची नोकरी टिकते की नाही हे माझ्या आकड्यावर लटकवून ठेवलेलं असतं. मी आता बोलताना मुद्दाम दोघांनाही बसवून घेते. साहेब मोबाइल बघत बसले तरी चालतील, पण खुर्चीत बसलेले हवेत.

साहेबांनी मग एक योग्य प्रश्न विचारला: "यात सरकारी रेट काय आहे?" मी संघटनेच्या ताईंना विचारून ठेवलं होतं. आपल्याकडे २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. अठरा ते साठ वयाची बाई नोंदणी करू शकते, मंडळाकडून मदतीच्या योजना असतात, पण महिन्याचा पगार किती हा आकडा त्या कायद्यात नाही. कर्नाटकाने घरकामाचं किमान वेतन २००४ मध्येच ठरवलं. आणि जिनिव्हाला २०११ साली घरकामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला, १८९ नंबरचा. त्यात माझ्या वहीसारखीच गोष्ट आहे: घरातली बाई हाक येईल म्हणून थांबून राहते, स्वतःच्या मर्जीने वेळ घालवू शकत नाही, ते तासही कामाचे तास धरायचे, किती धरायचे ते देशाने आपल्या कायद्याने ठरवायचं. शिवाय आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती. भारताने तेव्हा त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण तो लागू करायला मंजुरी काही अजून दिलेली नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं की समिती नेमा आणि वेगळ्या कायद्याचा विचार करा. समिती, विचार. तोवर रेट डायनिंग टेबलावरच ठरतो.

साडेसोळा हजारांवर मिटलं. महिन्यातले दोन रविवार सुट्टी, शनिवारी रात्री आठपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत, कारण 'रविवार' म्हटलं तर सकाळी अंघोळ घालून जा आणि संध्याकाळी दिवेलागणीला या असा रविवार मी आधी भोगला होता. दुपारची झोप मान्य झाली. दिवाळीचा पूर्ण पगार नाही, अर्धा. पगार एक तारखेला आणि फोनपेवर, रोख नको. फोनपेचं मी का धरून बसले हे मॅडमना कळेना. रोख पैशाला तारीख नसते आणि पुढच्या घरात 'आधी किती मिळायचे' म्हटल्यावर दाखवायलाही काही नसतं. उचल मात्र मी घेत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची उचल पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. उचल घेतली की वर्षभर पगाराचं तोंड बंद.

मंडळाच्या नोंदणीसाठी घरमालकाचं प्रमाणपत्र लागतं, ही आमच्याकडे काम करते एवढंच. त्या सहीला साडेसोळा हजारांपेक्षा जास्त वेळ लागला. वाढ देणारे साहेब सहीला घाबरले, "उद्या काही झालं तर?" शेवटी सही आजींनी केली, स्वच्छ अक्षरात, तारखेसकट.

'पाहुणे' हा मुद्दा वर सांगायचा राहिला, पण त्या दिवशी मी तो विसरले नव्हते, कागदावर मुद्दाम घातला होता, आणि तो २०१५ च्या सिंहस्थातून आलेला होता. तेव्हा मी पंचवटीतल्या एका घरी होते. रामकुंड चालत जाण्याएवढं जवळ, मग काय, ओळखीचे, नात्यातले, ओळखीच्यांच्या नात्यातले, सगळे पर्वणीला तिथेच उतरलेले. बाळ माझ्याकडे आणि पाहुण्यांची पोरंही माझ्याकडे. 'तुम्ही बघताच आहात ना एकाला.' तेव्हापासून माझ्या कागदावर एक ओळ असते: घरात दुसरं मूल दोन दिवसांहून जास्त राहिलं तर रोजाने वेगळे पैसे. लोकांना ती वाचून गंमत वाटते. आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे, नाशकात खोल्यांचे आणि जागांचे भाव आत्तापासून वर सरकतायत, आणि परवाच एकीने मला फोन करून विचारलं की ती पाहुण्यांची ओळ नेमकी कशी लिहायची.

अशा फोन करणाऱ्या बऱ्याचजणी असतात. मी त्यांना आकडा सांगत नाही, कारण कॉलेज रोडचा आकडा जेल रोडला चालत नाही, जुळ्यांचा एकट्याला चालत नाही. वही ठेव म्हणते. डॉक्टरांनी सांगितलं नसलं तरी ठेव.

एवढं सगळं करून साडेसोळा घेऊन मी गावी गेले आणि आईला सांगितलं. माझी मुलगी तेव्हा आईकडे होती. आईने ऐकून घेतलं, सुपातली तूर पाखडत राहिली, आणि म्हणाली, "बरं झालं. आता मला काय देऊ राहिली ते सांग." मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. नातीला सांभाळायचं म्हणून तिने त्या वर्षी विरळणीची टोळी सोडली होती. म्हणाली, "तुझ्या मॅडमची पोर तू बघतेस, तुझी पोर मी बघते. त्यांचं ते काम आणि माझी ती माया का?" आणि आकडा तिने आधी बोलला, तोही खाली न उतरता. मी मुकाट्याने दर महिन्याला तिच्या खात्यावर टाकायला लागले.

पुढच्या वर्षी तिने सुट्टीही मागितली: श्रावणातला तिसरा सोमवार. त्या दिवशी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते, आई ती चुकवत नाही. म्हणजे त्या दिवशी मुलीजवळ मी हवी, म्हणजे मला सोमवारची सुट्टी हवी, म्हणजे मॅडमना बँकेत रजा टाकायला हवी. नवीन वर्षाच्या बोलणीत मी ती तारीख कागदावर लिहिली. मॅडमनी वाचून विचारलं, "तुम्ही फेरीला जाता?"

म्हटलं, "मी नाही. आई जाते."